‘२० इंची चैन द्या’ एवढंच सांगून चैन आणू नका! लाकूड कापायच्या मशीनची पट्टी, चैन आणि स्प्रॉकेट असं जुळवा

मुक्ताईनगर (प्रतिनिधी) : रोहिण्या लागल्या की आपल्या तालुक्यात वाऱ्याचा भरवसा राहत नाही. केळीच्या बागा आडव्या झालेल्या आपण कितीदा पाहिल्या. पण त्याच वाऱ्यात बांधावरची बाभूळ, गोठ्याजवळचा निंब, शिवाररस्त्यावरचं एखादं जुनं झाडही कोसळतं. रस्ता बंद, गोठ्याचा पत्रा दबलेला, कधी विजेची तार खाली आलेली. अशा वेळी गावात ज्याच्याकडे चैनसॉ असेल त्याचा फोन वाजायला लागतो. पूर्वी दोन माणसं करवत ओढत बसायची, आता अंतुर्ली असो की कुऱ्हा, बऱ्याच गावांत कोणाकडे ना कोणाकडे मशीन सापडते.

आणि नेमकं त्याच दिवशी चैन तुटते. दुकानातून नवी आणली तर ती बसत नाही.

माझ्याबाबतीत हेच झालं. निंबाची मोठी फांदी गोठ्यावर पडली होती, आत दोन म्हशी. जनावरं कशीबशी बाहेर काढली, पण फांदी कापताना जुनी चैन तुटली. मोटारसायकल काढली, दुकानात गेलो आणि सांगितलं, “२० इंची चैन द्या, ५८ सीसी मशीनची.” दुकानदारानं खुंटीवरची एक काढून दिली. घरी येऊन चढवली तर पट्टीच्या खाली लोंबायला लागली. ताण द्यायचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी ढिलीच. मोजली तेव्हा कळलं, माझ्या चैनीला ७६ कड्या पाहिजेत आणि हिला ८० होत्या. दोन्ही २० इंचीच!

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून ७६ कड्यांची मोजून आणली. ती छान बसली, फिरलीही. पण लाकडात गेली की काप वाकडा जायचा. अर्ध्या तासात फांदी जराशी दबली आणि चैन पट्टीवरून उतरून खाली आदळली. पायाला लागली नाही हे नशीब. त्या चैनीच्या कड्या १.३ मिलिमीटर जाडीच्या होत्या आणि पट्टीची खाच १.५ ची. डोळ्याला हा फरक दिसत नाही. दोन चैनींचे पैसे गेले, दोन दिवस गेले आणि पत्रा तसाच दबलेला. चूक दुकानदाराची जेवढी तेवढीच माझी, कारण मी जुनी चैन सोबत नेलीच नव्हती.

म्हणून हा लेख. यात कोणत्या कंपनीची मशीन चांगली हे सांगायचं नाही. हातात जी मशीन आहे तिला काय बसेल आणि काय बसणार नाही, एवढंच बघू.

इंच, सीसी यावरून चैन ठरत नाही

मोटारसायकलचं उदाहरण घ्या. आपण दुकानात जाऊन ‘साडेतीन फुटी चैन द्या’ म्हणतो का? गाडीचं नाव सांगतो आणि चैन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट घेतो, कारण चैन आणि चाकाचे दाते एकमेकांत बसले पाहिजेत. चैनसॉचंही तसंच, फक्त इथे मधे पट्टी आहे. म्हणजे जुळवायच्या वस्तू तीन झाल्या : मशीनच्या आतलं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट, पट्टी म्हणजे बार, आणि चैन.

चैनीचे आकडे तीन असतात. पिच, गेज आणि कड्यांची संख्या. इथे कडी म्हणजे ड्राइव्ह लिंक, जिचं खालचं टोक पट्टीच्या खाचेत उतरतं आणि जिला स्प्रॉकेट ओढतो ती. वरचे कापणारे दात वेगळे, मोजताना त्यांची गल्लत करू नका.

२० इंची पट्टीवर कोणती चैन येते बघा. आपल्याकडे ज्या चायना ५८ सीसी मशीन जास्त चालतात त्यांना साधारणपणे ०.३२५ पिचची ७६ कड्यांची. हस्कवर्नाच्या ०.३२५ पिचच्या २० इंची पट्टीला ८० कड्यांची. स्टिलच्या त्याच पिचच्या २० इंचीला ८१. आणि पिच ३/८ असेल तर २० इंचीलाच ७२. इंच म्हणजे पट्टीचा जो भाग मशीनच्या बाहेर दिसतो त्याचं ढोबळ माप, त्यावरून कड्या कळत नाहीत. चायना मशीनच्या २२ इंची पट्टीला बहुतेक ८६ कड्या लागतात, पण तेही आपली जुनी चैन मोजूनच खरं धरा.

पिच : तीन ठिकाणी एकच पाहिजे

पिच म्हणजे चैनीच्या रिव्हेटांमधलं अंतर. मोजायची रीत सोपी आहे. लागून असलेल्या तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि दोननं भागा. दोननं का? कारण रिव्हेट सारख्या अंतरावर नसतात, एक अंतर लहान तर पुढचं मोठं असतं. तीन रिव्हेटचं अंतर साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास आलं तर पिच ०.३२५ इंच. पावणेएकोणीस-एकोणीस आलं तर ३/८ इंच. साडेवीस आलं तर ०.४०४, ती मोठ्या लाकूडतोडीच्या मशीनला असते, आपल्याकडे क्वचितच. साधी स्टीलची पट्टी असली तरी हा फरक कळतो, फक्त चैन ताणून सरळ ठेवा. फार झिजलेली चैन मोजली तर माप थोडं जास्त येतं, हे लक्षात असू द्या.

३/८ मध्ये एक फसगत आहे. छोट्या मशीनला, म्हणजे ३०-४० सीसीपर्यंतच्या, ३/८ ची बुटकी चैन येते. तिला लो प्रोफाइल म्हणतात, स्टिल कंपनी तिला पिको म्हणते आणि ‘पी’ लिहिते. मोठ्या मशीनची ३/८ वेगळी. आकडा एकच असला तरी एकीची चैन दुसरीच्या स्प्रॉकेटवर घालायची नाही. कड्यांचा आकार वेगळा, बसायची खोली वेगळी.

आता महत्त्वाचं. हा पिच चैनीचा तर आहेच, पण स्प्रॉकेटचाही तोच पाहिजे, आणि पट्टीच्या टोकाला जे छोटं फिरतं चाक असतं त्याचाही तोच. टोकाच्या चाकाकडे कोणी बघतच नाही. ३/८ च्या पट्टीवर ०.३२५ ची चैन चढवली की टोकाच्या चाकाचे दाते आणि कड्या जुळत नाहीत, कड्यांची टोकं खाल्ली जातात, टोक तापतं आणि मग बेअरिंग जाम. ज्या पट्टीचं टोक भरीव असतं, चाक नसतं, तिला पिचचा प्रश्न नाही, पण स्प्रॉकेटला तर राहतोच.

चुकीच्या पिचची चैन चढवून मशीन चालू केली तर ती दात सोडून उड्या मारते. आवाजावरून लगेच कळतं, खडखड येते. त्या आवाजात पुढे रेस देऊ नका. चैन तुटली तर ती समोरच्या माणसाकडे किंवा आपल्या उजव्या हाताकडे येते.

गेज : खाचेची रुंदी आणि कडीची जाडी

गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकची जाडी. ती पट्टीच्या खाचेएवढीच पाहिजे. चालू मापं चार : १.१ मिलिमीटर (०.०४३ इंच), १.३ (०.०५०), १.५ (०.०५८) आणि १.६ (०.०६३). चायना ५८ सीसीला बहुतेक १.५ असते.

जाड कडी बारीक खाचेत जातच नाही, म्हणजे ती चूक दुकानातच कळते. खरी घातक चूक उलटी. बारीक कडी रुंद खाचेत सहज बसते, फिरते, आपल्याला वाटतं जमलं. मग चैन खाचेत डुलते, काप एका बाजूला ओढतो, पट्टीच्या कडा घासतात आणि फांदीनं जरा चावा घेतला की चैन उतरते. माझ्या गोठ्यावर हेच झालं.

जाडी मोजायला व्हर्निअर लागतो. लेथवाल्याकडे हमखास असतो, तो एका मिनिटात मोजून देईल. मोजताना कडीचा खालचा, न झिजलेला भाग धरा. खाच मोजायची असेल तर मोटारसायकल मेकॅनिककडे प्लगचा आणि टॅपेटचा गॅप बघायची जी पातळ पात्यांची फीलर गेज असते, ती पाती एकावर एक ठेवून खाचेत घालून बघा. झिजलेल्या पट्टीची खाच रुंद झालेली असते, म्हणून जुन्या पट्टीवर छापलेला आकडा आधी वाचा, मग मोजा.

आकडे कुठे छापलेले असतात

पट्टीच्या मागच्या टोकाला, म्हणजे मशीनच्या झाकणाखाली जो भाग जातो तिथे पिच, गेज आणि बऱ्याचदा कड्यांची संख्याही कोरलेली असते. तेल आणि भुशानं ते झाकलं जातं. रॉकेल किंवा डिझेल लावून चिंधीनं पुसा, दिसेल.

चैनीवर ओरेगॉन कंपनीची असेल तर ड्राइव्ह लिंकवर दोन आकडी नंबर असतो. ९० आणि ९१ म्हणजे ३/८ बुटकी, अनुक्रमे १.१ आणि १.३ मिलिमीटर. २०, २१, २२ म्हणजे ०.३२५, अनुक्रमे १.३, १.५ आणि १.६. आणि ७२, ७३, ७५ म्हणजे मोठी ३/८, त्याच क्रमानं १.३, १.५, १.६. स्टिलच्या कडीवर एकच आकडा असतो : १ म्हणजे १.१, ३ म्हणजे १.३, ५ म्हणजे १.५, ६ म्हणजे १.६. बिननावाच्या स्वस्त चैनीवर काहीच नसतं, तिथे मोजण्याशिवाय इलाज नाही.

ओरेगॉनच्या नावावरून एक गोष्ट आठवली. आजची चैन ज्या धाटणीची आहे ती जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्यानं १९४६ च्या सुमाराला शोधली. ओरेगॉन राज्यात लाकूड फोडताना त्यानं खोडातली अळी पाहिली. ती आपल्या सी आकाराच्या जबड्यानं डावीकडे-उजवीकडे कुरतडत आडव्या-उभ्या दोन्ही लाकडात सहज पुढे जात होती. आपल्या आंब्याच्या खोडात भिरूड शिरते तशीच. त्यावरून त्यानं एक दात डावा, एक दात उजवा अशी चैन बनवली आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. तुमच्या चैनीकडे बघा, दात आलटून-पालटून दिसतील. साध्या चैनीत दर दोन ड्राइव्ह लिंकमागे एक कापणारा दात असतो, म्हणजे ७६ कड्यांच्या चैनीला ३८ दात. मोजणी बरोबर झाली का हे तपासायला हा हिशोब बरा पडतो.

मोजताना सुरुवातीच्या कडीला चुन्याचा ठिपका लावा, नाहीतर गोल चैनीत कुठून सुरू केलं ते विसरायला होतं. आणि दोनदा मोजा. एका कडीच्या फरकानंही घोळ होतो.

स्प्रॉकेट : ज्याच्याकडे कोणी बघत नाही

नवी चैन आणली, महिनाभरात ढिली पडली, ‘माल हलका होता’ म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. बऱ्याच वेळा दोष चैनीचा नसतो, आतला स्प्रॉकेट खाल्लेला असतो.

स्प्रॉकेट दोन प्रकारचे. एक चांदणीसारखा, क्लचच्या वाटीलाच जोडलेला, बदलायचा तर वाटीसकट बदलायचा. दुसरा रिंगचा : वाटीच्या दांड्यावर खाचा असतात आणि त्यावर एक सुटी रिंग सरकते. रिंग स्वस्त पडते आणि बदलायला सोपी, पण तिचं आतलं भोक आणि त्या खाचा आपल्या वाटीशी जुळल्या पाहिजेत. रिंगवर पिच आणि दात्यांची संख्या कोरलेली असते, जसं ०.३२५ आणि ७.

दात्यांवर चैनीनं पाडलेली खाच अर्धा मिलिमीटरपेक्षा खोल गेली की स्प्रॉकेट काढून टाका. नखानं तपासलं तरी कळतं. साधा हिशोब असा की दोन चैनी झिजल्या की तिसऱ्या चैनीसोबत स्प्रॉकेट नवा. दोन चैनी आळीपाळीनं वापरल्या तर तिन्ही वस्तू सारख्या झिजतात. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चैन म्हणजे नव्या टायरला वाकडी रिम.

सातऐवजी आठ दात्यांचा बसवला तर मशीन जोरात कापेल असं काही जण सांगतात. चैन जास्त वेगानं फिरते हे खरं, पण ओढायची ताकद कमी होते. आपल्या वाळलेल्या बाभळीत तर मशीन दबून जाईल. जेवढे दाते कंपनीनं दिले तेवढेच ठेवा.

वाटी काढायची तर आधी क्लच खोलावा लागतो, आणि इथे पुष्कळ जण पाना तोडतात. चैनसॉच्या क्लचचे आटे बहुतेक उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की सुटतो. पिस्टन अडवायला प्लग काढून भोकातून नायलॉनच्या दोरीचा तुकडा सोडा, स्क्रू ड्रायव्हर किंवा खिळा घालू नका, पिस्टनला भोक पडेल. वाटीच्या आत सुईसारख्या रोलरची बेअरिंग असते, तिला पुसून थोडं ग्रीस लावा.

पट्टी बदलताना

पट्टीचं मागचं टोक प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. बोल्ट जातात त्या खाचेची रुंदी, तेलाचं भोक आणि ताण देणारी पिन जाते ते भोक, तिन्ही जुळली पाहिजेत. तेलाचं भोक जुळलं नाही तर पट्टी चढते, मशीन चालते, पण तेल चैनीपर्यंत पोचत नाही आणि काही मिनिटांत पट्टी निळी पडते. ऑनलाईन पट्टी मागवताना फोटोत फक्त लांबी बघू नका, हे मागचं टोक आपल्या पट्टीशी ताडून बघा.

जुनी पट्टी ठेवायची की टाकायची? सरळ स्टीलची पट्टी बारच्या बाजूला लावून चैनीच्या दाताला टेकवा. बार आणि पट्टी यांच्यात थोडी फट राहिली तर खाच चांगली आहे. चैन कलंडून फट नाहीशी झाली तर खाच झिजलेली आहे, नवी चैन आणून उपयोग नाही. कडांना आलेले बुरे सपाट कानशीनं घासून टाका आणि दर वेळी चैन काढली की पट्टी उलटी करून बसवा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतील.

लांब पट्टीचा सोस मात्र नको. आपल्याकडे कापायचं काय असतं? फूट-दीड फुटाचा निंब, बाभूळ, सुबाभूळ. त्याला १८-२० इंच भरपूर झालं. पट्टी जेवढी लांब तेवढा इंजिनावर भार आणि तेवढं टोक आवरायला अवघड. (आंबा, चिंच, जांभूळ, साग, मोह ही झाडं आपल्याच शेतात असली तरी तोडायला परवानगी लागते, कायदा १९६४ चा आहे. वनविभागात आधी विचारा.) आणि केळीच्या खोडावर ही मशीन चालवू नका. रेषा स्प्रॉकेटभोवती गुंडाळल्या जातात, चिकानं खाच भरते. खोडाला आपला कोयताच बरा.

दुकानात गेल्यावर

जुनी चैन आणि शक्य असेल तर पट्टी पण सोबत न्या. नवी चैन जुन्या चैनीशेजारी टेबलावर पसरा, कड्या मोजा, मग ती पट्टीच्या खाचेत घालून बाजूला हलवून बघा. डुलत असेल तर गेज चुकला. टोकाच्या चाकावर फिरवून बघा, अडखळत असेल तर पिच चुकला. हे पैसे द्यायच्या आधी करा.

काही दुकानदार मोठ्या रोलमधून चैन तोडून जोडून देतात. त्यात वाईट काही नाही, माप नेमकं मिळतं. पण जोड मशीनवर रिव्हेट केलेला पाहिजे. हातोडीनं ठोकलेला घेऊ नका. जोडाची कडी बाकीच्या कड्यांसारखीच मोकळी वाकली पाहिजे, आखडलेली नको आणि सैलही नको.

कानसही त्याच मापाची घ्या. ०.३२५ ला ४.८ मिलिमीटर, बुटक्या ३/८ ला ४, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५.

बसवताना

मशीन बंद, प्लगची टोपी काढलेली, हातात मोजे. वरच्या बाजूला दातांची धार पुढे, टोकाकडे पाहिजे. उलटी बसवलेली चैन नुसता धूर काढते, आणि हे मी अनुभवी माणसांकडूनही होताना पाहिलं आहे. टोक वर उचलून ताण द्या, मग नट घट्ट करा. थंड चैन हातानं ओढली तर पट्टीवर फिरली पाहिजे, खाली लोंबायला नको. नवी चैन पहिल्या तासाभरात सैल होते, दोन-तीनदा ताण द्यावा लागतो. काम झाल्यावर मात्र ताण थोडा सोडा, कारण तापलेली चैन थंड झाली की आखडते. तेलाच्या टाकीत गाडीचं काळं जळकं ऑइल घालू नका, त्यातले लोखंडाचे कण पंप आणि पट्टी दोन्ही खातात.

मी आता मशीनच्या पेटीच्या झाकणाला आतून ऑइल पेंटनं लिहून ठेवलं आहे : ०.३२५, १.५, ७६ कड्या, ७ दाती, कानस ४.८. पट्टीच्या मागच्या टोकाचा फोटो मोबाईलमध्ये आहे, आणि नवी चैन पेटीत तेलात भिजवून डब्यात ठेवलेली आहे. मृग लागायच्या आधी तुमच्या मशीनचे हे पाच आकडे काढून ठेवा. मोजताना अडलात तर लेथवाल्याकडे जा.